संगणकाच्या कॅबिनेटमध्ये जादा पंखा: पुढे बसवावा, मागे बसवावा की बसवूच नये?

अकोल्याचा मुद्रक:

नमस्कार. अकोल्यात माझा लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि छोट्या चित्रफिती तयार करण्याचा व्यवसाय आहे. एप्रिल आणि मे हे दोनच महिने आमच्या खऱ्या कमाईचे असतात आणि नेमका याच काळात माझा संगणक अडून बसू लागला आहे, म्हणून हा प्रश्न जरा सविस्तर मांडतो.

संगणक २०१५ साली सुटे भाग घेऊन जुळवलेला आहे. त्यात इंटेलचा आय-फाइव्ह ४५९० हा प्रोसेसर, एच८१ जातीचा मदरबोर्ड, आठ जीबी रॅम आणि एक हार्ड डिस्क आहे. दोन वर्षांपूर्वी चित्रफितींच्या कामासाठी जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड त्यात घातले. कॅबिनेट त्या काळी सर्रास मिळायचे तसे साधे, पत्र्याचे आहे. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, वरच्या बाजूला आहे, मागे ८० मिलिमीटरचा एकच पंखा आहे, पुढच्या पत्र्यावर १२० मिलिमीटरच्या पंख्यासाठी भोके पाडलेली आहेत पण तिथे पंखा कधीच नव्हता, आणि डाव्या झाकणाला आतून प्लॅस्टिकचे एक नळकांडे लावलेले आहे, ज्याचे प्रयोजन मला आजवर उमगलेले नाही.

सकाळी अकरापर्यंत सारे सुरळीत चालते. ऊन चढले की त्याच लांबीची चित्रफीत तयार व्हायला सकाळच्या जवळजवळ दीडपट वेळ लागतो. एचडब्ल्यूमॉनिटर हा तापमान आणि वेग दाखवणारा प्रोग्राम लावून पाहिले, तेव्हा प्रोसेसर ९९ अंशांवर जाऊन टेकलेला आणि त्याचा वेग ३.५ गिगाहर्ट्झवरून २.४ च्या आसपास उतरलेला दिसला. ग्राफिक्स कार्ड ८३ अंशांवर होते. दुकानात कूलर असतो, तरी भिंतीवरचा तापमापक दुपारी तीनला ३९ दाखवतो. सध्या मी झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावतो आणि काम भागवतो, परंतु परवा आत पाल शिरली आणि तिला बाहेर काढण्यात माझा अर्धा तास गेला, त्यामुळे हा उपाय कायमचा नव्हे, हे पटले आहे.

येथील दुकानदार म्हणतात की रंगीत दिव्यांचे तीन पंखे पंधराशे रुपयांत बसवून देतो, काम फत्ते. मला दिव्यांचे कौतुक नाही. एक पंखा पुरेल का, तो पुढे लावून हवा आत घ्यावी की मागे लावून बाहेर काढावी, आणि मदरबोर्डवर पंख्यासाठी असलेली तीन पिनांची एकुलती एक जागा मागच्या पंख्याने अडवलेली असताना नव्या पंख्याला वीज कोठून द्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पुण्याचा पॅनेलवाला:

मी कारखान्यांसाठी वीज-नियंत्रणाची पॅनेले तयार करतो, आणि बंद पेटीतली उष्णता बाहेर कशी काढायची हा माझा रोजचा प्रश्न असल्यामुळे उत्तर देण्याचे धाडस करतो. संगणकाचे कॅबिनेट ही तशीच एक पेटी आहे.

पंखा घेण्याआधी एक चाचणी करावी. झाकण घट्ट लावून, टेबलफॅन बंद ठेवून, एकच चित्रफीत वीस मिनिटे चालवावी आणि स्थिरावलेले तापमान लिहून ठेवावे. मग झाकण काढून, टेबलफॅन न लावता, खोलीचे तापमान तेवढेच असताना तेच काम पुन्हा चालवावे. दुसऱ्या वेळी आकडा सहा-आठ अंशांनी उतरला, तर उष्णता पेटीत कोंडते आहे आणि जादा पंख्याने फरक पडेल. आकडा जेमतेम एक-दोन अंशांनी हलला, तर मात्र उष्णता प्रोसेसरपासून हवेपर्यंतच नीट पोहोचत नाही. दोष उष्णता-शोषकात, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या पाकळ्यांच्या हीटसिंकमध्ये, किंवा त्याखालच्या उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टमध्ये आहे आणि कॅबिनेटला पंख्यांची माळ घातली तरी काही साधणार नाही. आपण टेबलफॅन लावून काम भागवता असे लिहिले आहे, त्यावरून नुसते झाकण काढल्याने किती उपयोग होतो हे कळत नाही, कारण टेबलफॅन दोन्ही दोष झाकून टाकतो.

आता थोडा हिशोब. आपला प्रोसेसर ८४ वॉटचा, कार्ड ७५ वॉटचे, बाकीचे सामान आणि एसएमपीएसमधला अपव्यय धरून पूर्ण भारात पेटीत साधारण २०० वॉट उष्णता निर्माण होते, असे समजू. पेटीतून जाणारी हवा किती तापते, याचा पॅनेलच्या कामात वापरला जाणारा ठोकताळा असा आहे की वॉटला १.७६ ने गुणावे आणि दर मिनिटाला वाहणाऱ्या घनफुटांनी, म्हणजे सीएफएमने, भागावे. उत्तर अंश सेल्सिअसमध्ये मिळते. ८० मिलिमीटरच्या पंख्याच्या खोक्यावर २५-३० सीएफएम असे छापलेले असले, तरी तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी, मागे जाळी आणि मध्ये वायरींचे जंजाळ आले की त्यातला निम्माही पदरात पडत नाही. मागचा पंखा आणि एसएमपीएसचा पंखा मिळून २५ सीएफएम हवा बाहेर जाते असे धरले, तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा १४ अंशांनी गरम असेल. पुढे १२० मिलिमीटरचा पंखा लावून हाच ओघ ४० वर नेला, तर ही वाढ ९ अंशांवर येते. पाच अंश वाचले. आणखी पंखे लावून ६० सीएफएमपर्यंत गेलो, तर ६ अंश, म्हणजे आणखी फक्त तीन अंश वाचले. पहिल्या जादा पंख्याला जी किंमत आहे ती तिसऱ्याला का नाही, हे यावरून दिसेल. शिवाय कितीही पंखे लावले तरी आतली हवा खोलीपेक्षा थंड होत नाही. तुमची खोली ३९ ची असेल, तर पंख्यांची धाव ३९ पर्यंतच.

जागेविषयी माझे मत पुढच्या बाजूचे, हवा आत घेण्याचे. मागे बाहेर काढणारा पंखा आहेच, एसएमपीएसही हवा बाहेरच टाकतो; आत यायला मात्र हवेला फटी आणि भोके यांखेरीज वाट नाही. बाहेर ओढणारे पंखे जास्त झाले की पेटीत किंचित उणा दाब तयार होतो आणि धूळ सीडी-ड्राइव्हच्या फटीपासून यूएसबीच्या खाचेपर्यंत मिळेल त्या वाटेने आत येते. आत घेणारा ओघ थोडा वरचढ ठेवला, तर हवा बव्हंशी पुढच्या एकाच तोंडाने येते आणि तेवढ्या एका तोंडावर गाळणी लावता येते. पुढचा पंखा ग्राफिक्स कार्डालाही ताजी हवा देईल आणि त्याच्या मागेच हार्ड डिस्क असेल तर तिलाही. मात्र पुढचे प्लॅस्टिकचे तोंड काढून आधी पाहून घ्या. अनेक जुन्या कॅबिनेटांत पत्र्याला छान भोके असतात आणि त्यापुढे सबंध, बंद प्लॅस्टिक असते. हवा येते ती खालच्या बोटभर फटीतून. अशा जागी लावलेला पंखा फक्त आवाज करतो.

त्या नळकांड्याचे प्रयोजन तर मोठे गमतीचे आहे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही मदरबोर्ड आणि कॅबिनेटची मांडणी आणली, तेव्हा एसएमपीएसच्या पंख्यानेच बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर फेकावी अशी कल्पना होती. पुढे प्रोसेसर तापू लागले, तशी ती कल्पना मागे पडली. पेंटियम फोरच्या काळात इंटेलने कॅबिनेट करणाऱ्यांसाठी जो आराखडा दिला, त्यात झाकणावरच्या नळकांड्यातून प्रोसेसरच्या पंख्याला थेट बाहेरची हवा मिळावी आणि खोली ३५ अंशांची असताना पंख्याच्या तोंडाशी हवा ३८ अंशांपेक्षा गरम नसावी, अशी अपेक्षा होती. अकोल्याच्या वैशाखात खोलीच ३९ ची असते, ही गोष्ट त्या आराखड्यात कोठून येणार! तरीही नळकांडे निरुपयोगी नाही. त्याचे तोंड प्रोसेसरच्या पंख्यासमोर येते का, तेवढे पाहावे.

नागपूरचा दुरुस्तीवाला:

पुणेकर साहेबांनी हिशोब बरोबर मांडला आहे. मी टेबलावरचे सांगतो. वीस वर्षे हेच काम करत असल्यामुळे उन्हाळ्यात "पंखा बसवून द्या" म्हणून आलेले संगणक मी आधी उघडून साफ करतो, आणि त्यांतले बरेचसे पंखा न घेताच परत जातात. गिऱ्हाईक जरा हिरमुसते, पण त्याला इलाज नाही.

आपल्या प्रोसेसरवर कंपनीचाच गोल ॲल्युमिनियमचा शोषक असेल, तर त्यावरचा पंखा सोडवून खाली बघा. पंख्याची पाती वरून स्वच्छ दिसतात आणि त्यांच्याखाली, ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांच्या डोक्यावर, धुळीची अख्खी गोधडी पसरलेली असते. वरून टॉर्च मारला तरी ती दिसत नाही. दुकानात सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लागत असेल तर ही धूळ कोरडी राहत नाही, तेलकट होते आणि नुसत्या ब्लोअरने सुटत नाही. मऊ ब्रशने खरवडावी लागते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. जोराच्या झोताने पंखा त्याच्या मर्यादेपलीकडे फिरतो आणि बेअरिंग खराब होते. हे घरोघरी होते आणि मग लोक म्हणतात, साफ केल्यापासून आवाज येतो.

शोषक काढलाच आहे तर पेस्ट बदला. जुनी पेस्ट या वयात खडूसारखी झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसून मटाराच्या लहान दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवायची, पसरवत बसायचे नाही. मग शोषक बोर्डाला धरून ठेवणाऱ्या त्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्या. समोरासमोरच्या दोन एका वेळी, अशा तिरक्या जोडीने दाबायच्या आणि चारही बसल्याचा टक असा आवाज ऐकायचा. तीन बसलेल्या आणि चौथी नुसती टेकलेली, असे प्रकरण माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येते. त्या एका कोपऱ्यापायी दहा-दहा अंश जातात. शक्य असल्यास मदरबोर्डच्या मागून खुंट्यांची टोके बाहेर आलेली पाहून घ्या.

आता वीज. मागचा आणि नवा असे दोन्ही पंखे त्या एकाच तीन पिनांच्या जागेवर दुभाजक वायर लावून चालवता येतात. साधारण पंखा ०.१ ते ०.३ ॲम्पियर घेतो आणि बोर्डावरची जागा बहुधा १ ॲम्पियरपर्यंत सोसते, तेव्हा दोन पंख्यांना हरकत नाही. बोर्डाच्या पुस्तिकेत आकडा असतो, तो एकदा बघा. दुभाजकात वेग कळवणारी वायर एकाच पंख्याची जोडलेली असते, त्यामुळे दुसऱ्याचा वेग पडद्यावर दिसणार नाही. तो बिघाड नव्हे. पंखा चार पिनांचा मिळाला तरी तीन पिनांच्या जागेवर बसतो. चौथी पिन मोकळी राहते एवढेच.

दुसरी वाट मोलेक्सची, म्हणजे एसएमपीएसमधून निघणाऱ्या मोठ्या चार पिनांच्या जोडणीची, आणि इथे सावध राहा. तयार जोडणीवायर विकत मिळते, तीच घ्या. वायरी सोलून रंगाला रंग जोडू नका. एसएमपीएसकडून येणारी पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि दोन काळ्या ऋण असतात. तीन पिनांच्या पंख्यात मात्र बहुतेक वेळा लाल वायर १२ व्होल्टची आणि पिवळी वेग कळवणारी असते. म्हणजे रंग जुळवून जोडणाऱ्याने पंख्याला ५ व्होल्ट दिले आणि वेग कळवणाऱ्या नाजूक वायरीत १२ व्होल्ट घातले. असा पंखा एक तर हलत नाही, किंवा रेंगाळत फिरतो आणि त्याची वेग सांगायची सोय कायमची जाते. पिवळी आणि लाल यांच्या मध्ये पंखा जोडून ७ व्होल्टवर हळू चालवण्याची एक जुनी युक्तीही लोक सांगतात. मी ती करत नाही आणि कोणाला करूही देत नाही, कारण पंख्याचा प्रवाह त्यात ५ व्होल्टच्या वाटेत उलटा शिरतो.

पंख्याची दिशा ओळखणे सोपे आहे. ज्या बाजूला मोटारीला धरून ठेवणारे आडवे दांडे आणि लेबल असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढच्या पत्र्यावर लावताना ही बाजू कॅबिनेटच्या आत यायला हवी. काहींच्या चौकटीवर बाणही कोरलेले असतात. पंख्याचे स्क्रू जाड आट्यांचे असतात आणि प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातात, म्हणून पहिल्यांदा बसवताना जोर लागतो. स्क्रू टेकला की थांबा, नाहीतर कोपरा तडकतो. पुढचे तोंड काढताना खालच्या खाचेत हात घालून ओढावे, पण त्याला बटणाच्या आणि यूएसबीच्या वायरी चिकटलेल्या असतील, तर हिसका देऊ नका. सारे जोडून झाले की उदबत्ती पेटवून पुढच्या जाळीशी धरा. धूर आत खेचला गेला आणि मागून बाहेर आला की झाले.

अजून एक विचारायचे राहिले. आपले कॅबिनेट ठेवले आहे कुठे?

रत्नागिरीकर:

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, तो थोडक्यात लिहितो. मी तीन वर्षांपूर्वी हौसेने दिव्यांचे तीन पंखे बसवून घेतले. बसवणाऱ्याने तिन्ही हवा बाहेर टाकतील असे लावले होते आणि मला ते कळायला एक पावसाळा जावा लागला. तोवर यूएसबीच्या खाचांत धुळीचे बोळे झाले होते आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने मागच्या पत्र्याला तांबेरा धरला होता. आता दोनच पंखे ठेवले आहेत, पुढचा आत आणि मागचा बाहेर. तापमानात तिघांच्या वेळेपेक्षा मला फरक दिसला नाही, रात्री मात्र घर शांत वाटते.

गाळणीसाठी आधी मी स्पंजचा तुकडा लावला होता. त्याने धुळीबरोबर हवाही अडली आणि तापमान होते त्याच्या वर गेले. मग मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा दोन बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला, तो पुरतो. दर पंधरवड्याला काढून नळाखाली धुतो आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावतो.

अकोल्याचा मुद्रक:

तिघांचेही मनःपूर्वक आभार. नागपूरच्या काकांच्या शेवटच्या प्रश्नाने मला ओशाळल्यासारखे झाले, कारण ती गोष्ट मी मूळ प्रश्नात लिहिलीच नव्हती. कॅबिनेट सुताराकडून करून घेतलेल्या टेबलाच्या कप्प्यात आहे. कप्प्याला दार आहे, मागे फळी आहे आणि फळीत वायरींसाठी वाटीएवढे एक भोक आहे. झाकण काढून टेबलफॅन लावायचा झाला की मी कॅबिनेट बाहेर ओढत असे, आणि सुधारणा झाकणामुळे होते असे समजत असे.

चार दिवस दुपारी तीनच्या सुमारास, खोली ३८ ते ३९ असताना, एकच चित्रफीत वीस-वीस मिनिटे चालवून मोजले. कप्प्यात, झाकण लावून: प्रोसेसर ९९, आणि वेग उतरलेला. कप्प्याबाहेर जमिनीवर, झाकण लावूनच: ९५, आणि वेग उतरला नाही. बाहेर, झाकण काढून: ८८. म्हणजे पुण्याच्या साहेबांच्या चाचणीप्रमाणे पेटीत उष्णता कोंडते, हे खरे ठरले.

मग शोषक काढला. गोधडी हा शब्द मला अतिशयोक्तीचा वाटला होता. तो तसा नव्हता. पंख्याखालून निघालेला थर अखंड, गोल, चकतीसारखा सुटून आला आणि त्यात उदबत्तीचा वास होता. चारपैकी मागच्या बाजूची एक खुंटी नुसती टेकलेली निघाली, आणि आठवले की ग्राफिक्स कार्ड बसवले त्या दिवशी दुकानातल्या मुलाने "पंखाही साफ करून दिला आहे" असे सांगितले होते. नळकांड्याच्या बाहेरची जाळी धुळीने पूर्ण बुजली होती. पेस्ट बदलून, खुंट्या टक आवाज येईपर्यंत बसवून आणि जाळी धुऊन झाल्यावर, झाकण लावून तापमान ८७ आले.

शेवटी पुढे १२० मिलिमीटरचा साधा, बिनदिव्यांचा एक पंखा साडेतीनशे रुपयांना घेऊन बसवला. प्लॅस्टिकचे तोंड खरोखरच बंद निघाले. सीडी-ड्राइव्हखालच्या दोन रिकाम्या पट्ट्या काढून तिथे मच्छरदाणीची जाळी लावली, तेव्हा कुठे उदबत्तीचा धूर आत जाऊ लागला. आता प्रोसेसर ८२ आणि कार्ड ७६ वर स्थिर राहते.

दोन शंका उरल्या आहेत. पंखा मी तूर्तास मोलेक्सवर चालवत आहे आणि तो सतत पूर्ण वेगाने फिरत असल्यामुळे ग्राहकाशी फोनवर बोलताना त्याची घरघर जाणवते. आणि नळकांड्याचे तोंड प्रोसेसरच्या पंख्यापासून दोन बोटे बाजूला येते, तेव्हा ते पुठ्ठ्याने बंद करावे का? पुढून येणारी हवा त्यातून वाया जाते, असे दुकानदारांचे म्हणणे पडले.

पुण्याचा पॅनेलवाला:

मोजमाप करून लिहिल्याबद्दल धन्यवाद. आमच्याकडे पगारी अभियंतेही इतक्या शिस्तीने नोंदी ठेवत नाहीत.

घरघरीसाठी दुभाजक आणून पंखा बोर्डावर न्या. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या मांडणीत, पंख्याच्या नियंत्रणाचे पान असते. तीन पिनांच्या जागेवर व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलण्याची सोय असेल, तर तिथे ठरवता येईल. वेग निम्मा केला की हवेचा ओघ निम्मा होतो, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि कानाला हा फरक फार मोठा असतो. अगदी निम्म्यावर आणू नका, सत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवून दुपारी मोजा. मात्र फार कमी व्होल्टेजवर काही पंखे सुरूच होत नाहीत, म्हणून बदल केल्यावर संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा आणि पुढचा पंखा फिरतो का, ते डोळ्यांनी पाहावे; त्याचा वेग पडद्यावर दिसणार नसल्याने दुसरा मार्ग नाही. घरघर हवेची नसून पत्र्याची असण्याचीही शक्यता आहे. पंखा चालू असताना पुढच्या तोंडावर तळहात दाबून बघा. आवाज बदलला, तर चारही स्क्रूंखाली रबराच्या चकत्या घाला.

नळकांडे बंद करण्याची घाई नको. आपल्या पेटीत आत घेणारा पंखा एक आणि बाहेर टाकणारे दोन आहेत, त्यामुळे त्या भोकातून हवा बाहेर वाया जाण्यापेक्षा आत येण्याचीच शक्यता अधिक आहे. धुराने हेही कळेल. आत येत असेल तर भोक उघडे ठेवा आणि त्यालाही तीच जाळी लावा.

नागपूरचा दुरुस्तीवाला:

वरच्या उत्तराशी सहमत आहे. दोन गोष्टी जोडतो. कॅबिनेट जमिनीवर ठेवले असेल तर चार विटांएवढे तरी उंच करा; फरशी पुसताना पाणी जाते आणि जमिनीलगतची धूळ सर्वांत आधी पुढच्या पंख्यात येते. मागे भिंतीपासून एक वीत तरी अंतर ठेवा. कूलरचा झोत मात्र थेट त्यावर येऊ देऊ नका. दमट हवेची भीती बाळगायचे कारण नाही, चालू संगणक खोलीपेक्षा गरमच असतो, त्यामुळे त्यात दव धरत नाही. पण वाळा फार भिजला की कूलरमधून बारीक थेंब उडतात आणि आपल्याकडच्या जड पाण्याचे पांढरे डाग बोर्डावर उमटतात, ते मी काढलेले आहेत.

दुसरे, आपण आता झाकण उघडे ठेवून हात घालणार आहात, म्हणून विचारतो. पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखे होते का? होत असेल, तर दुकानाच्या प्लगमधील अर्थिंग जोडलेले नाही. एसएमपीएसच्या आतल्या विजेच्या गाळणीतून (फिल्टरमधून) थोडी वीज पत्र्यावर येते आणि अर्थिंग नसेल तर ती तिथेच राहते. वायरमनला बोलावून आधी ते करून घ्या, आणि आत हात घालण्यापूर्वी वायर काढून चालू करायचे बटण एकदा दाबून ठेवा.

अकोल्याचा मुद्रक:

मुंग्या येतात, काका. मला वाटायचे की सगळ्याच संगणकांना येत असतील. वायरमनला आजच निरोप दिला आहे. पंखा दुभाजकावर घेतला, बायोसमध्ये सत्तर टक्के केला. घरघर गेली आणि प्रोसेसर ८३ वर आहे, म्हणजे एका अंशाचाच फरक पडला. नळकांड्याशी उदबत्ती धरली, तर धूर आत जातो, म्हणून पुठ्ठा लावला नाही, जाळी लावली. कप्प्याचे दार आणि मागची फळी सुतार रविवारी काढून नेणार आहे. तोवर कॅबिनेट दोन रिकाम्या शाईच्या खोक्यांवर उभे आहे.